वाचनालयांतील शनिवार

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं, असा एक समज आमच्या मनांत फार वर्षांपासून घर करून होता. त्यामुळें निवृत्तीनंतर बडोद्यास येऊन राहिल्यावर आमचे धाकटे बंधु जेव्हां म्हणाले, "दादा, आपल्या वाचनालयांत आठवडाभर कांहीं ना कांहीं कार्यक्रम असतो, आणि सगळे मोफत, चला कीं एकदां," तेव्हां आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. ज्यास दाम पडत नाहीं त्यास दम नसतो, असें कांहींतरी उत्तर दिल्याचेंही आम्हांस आठवतें. आज तें उत्तर आठवलें म्हणजे लाज वाटते. ती कां वाटते, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम स्वतःविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. आम्ही १९७४ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उतरलों. त्या सुमारास कांहीं वर्षें एका शास्त्रीबुवांच्या घरीं राहून रूपावलि, अमरकोश, लघुकौमुदी आणि रघुवंशाचे कांहीं सर्ग, एवढें संस्कृत पदरांत पाडून घेतलें. पुढें शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून सातारा जिल्ह्यांतील एका गांवीं प्राथमिक शाळेंत लागलों आणि २०१६ सालीं त्याच शाळेंतून निवृत्त झालों. बंधु चाळीस वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त बडोद्यास आले व दांडिया बाजारांत एक जुनें घर घेऊन स्थायिक झाले. आमचे चिरंजीवही पुढें इकडेच नोकरीस लागले. २०१७ सालीं आम्ही उभयतां गांवचें घर बंद करून त्यांच्यांत येऊन मिळालों. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत. त्यांत नातवंडें चार. तीं शाळेंत इंग्रजी, अंगणांत गुजराती आणि घरांत मराठी बोलतात. मात्र मराठी वाचावयास सांगितलें कीं एकेक जोडाक्षर खड्यासारखें त्यांच्या दातांखालीं येतें.

बंधूंच्या आग्रहास आम्हीं अखेर २०१८ च्या उन्हाळ्यांत मान दिला. तोही ज्ञानाच्या ओढीनें नव्हे. दुपारीं वीज गेली होती, आणि वाचनालयाच्या जुन्या, जाड भिंतींच्या आंत गारवा असतो, असें बंधूंनीं सांगितलें म्हणून. घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर हें वाचनालय आहे. त्या दिवशीं तेथें बडोद्याच्या ग्रंथालयांवर व्याख्यान होतें. श्रोते पन्नासांच्या आंतबाहेर, बाकें साधीं, पाण्याचा माठ कोपऱ्यांत. मागल्या बाकावर बसून थोडी डुलकी घ्यावी, असा आमचा बेत होता. परंतु पहिल्या दहा मिनिटांतच तो बेत मोडला.

व्याख्यात्यांनीं आरंभ केला तो श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या बालपणापासून. महाराजांचा जन्म १८६३ सालीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं एका शेतकरी घराण्यांत झाला. १८७५ सालीं त्यांस दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसविलें, त्या वेळीं बारा वर्षांच्या त्या मुलास लिहितां-वाचतां येत नव्हतें. अक्षरांची ओळख उशीरां झाली म्हणूनच कीं काय, अक्षरांची किंमत त्यांस पुरेपूर कळली. १८९३ सालीं त्यांनीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं तो साऱ्या राज्यास लागू केला. पण शाळेंत चार बुकें शिकलेला मुलगा पुढें वाचावयास कांहीं न मिळाल्यास शिकलेलें विसरून जातो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली होती. आम्ही चाळीस वर्षें ज्या धंद्यांत घालविलीं, त्या धंद्याचें वर्म या एका वाक्यांत आहे. चौथींत खणखणीत वाचणारा मुलगा विसाव्या वर्षीं टपालांतून आलेलें कार्ड दुसऱ्याकडून वाचून घेतांना आम्हीं स्वतः पाहिला आहे.

१९०६ च्या अमेरिकेच्या प्रवासांत महाराजांनीं तेथील सार्वजनिक ग्रंथालयें पाहिलीं. १९१० सालीं त्यांनीं विल्यम बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविलें. हे गृहस्थ तीन वर्षें येथें राहिले. त्या अवधींत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, राजवाड्यांतील महाराजांचा स्वतःचा संग्रह लोकांसाठीं तेथें आला, ग्रंथपालांस शिकविणारा वर्ग निघाला, आणि १९१२ सालीं 'लायब्ररी मिसेलनी' नांवाचें नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत सुरू झालें. स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं निराळीं दालनें झालीं. खेड्यापाड्यांतून लाकडी पेट्यांत भरून पुस्तकें जाऊं लागलीं. ज्यांस वाचतां येत नसे त्यांच्यासाठीं जादूच्या कंदिलाचे व चलच्चित्रांचे खेळ होत, आणि त्यांसही तिकीट नसे. गांवांत वाचनालय काढावयाचें तर लोकांनीं वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांतपंचायतीनें घालावी आणि तेवढीच सरकारनें, असा रिवाज होता. मोतीभाई अमीन यांच्यासारखे लोक या कामीं गुजरातेंतील गांवोगांव हिंडले.

पुढच्या रविवारीं बंधूंस घेऊन आम्ही मांडवीनजीकचें तें मध्यवर्ती ग्रंथालय पाहून आलों. लोखंडी मांडण्यांच्या माळ्यांवर काचेची जमीन, आणि तींतून वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर झिरपत आलेला. पुस्तकावर उजेड पडावा म्हणून माणसाच्या पायांखालीं काच घालणारा राजा आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

त्या रात्रीं मात्र आम्हांस झोंप लागली नाहीं, आणि त्याचें कारण एक कपाट होतें. आमच्या शाळेंत पुस्तकांचें एक कपाट होतें. मुख्याध्यापक झाल्यापासून त्याची किल्ली आमच्या जानव्यास असे. मुलांचे हात मळके, पुस्तकें फाटतील, तपासणीस येणारा अधिकारी मोजून घेईल, अशा विचारानें आम्ही तें कपाट वर्षांतून दोनदां, झाडण्यापुरतें उघडीत असूं. निवृत्तीच्या दिवशीं आम्हीं तीनशें बारा पुस्तकें यादीबरहुकूम मोजून दिलीं. एकाचेंही पान दुमडलेलें नव्हतें, याचा आम्हांस केवढा अभिमान! व्याख्यानाच्या अखेरीस वक्त्यांनीं डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेले ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम सांगितले. त्यांतला पहिला, ग्रंथ हे उपयोगासाठीं आहेत. हे रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. आमचाच धंदा, पण त्यांच्या हातीं किल्ली आली तेव्हां त्यांनीं दारें उघडलीं, आणि आम्हीं लाविलीं.

त्यानंतर आम्ही त्या वाचनालयाचे नित्याचे झालों. तेथील आठवडा ठरलेला असतो. सोमवारीं आमच्यासारख्या वयस्कांस मोबाइल कसा वापरावा हें शिकवितात. बुधवारीं दुपारीं स्त्रिया जमून एखादें पुस्तक मोठ्यानें वाचतात व त्यावर बोलतात. शुक्रवारीं सरकारी परीक्षांस बसणाऱ्या मुलांस कोणी निवृत्त अधिकारी मार्गदर्शन करतात. महिन्यांतून एकदां व्याख्यान. वर्षांतून दोनदां नेत्रतपासणी. येणाऱ्यास नांव, गांव, जात, पगार कोणी विचारीत नाहीं. रिक्षा बाहेर उभी करून अर्धा तास वर्तमानपत्र चाळणारा मनुष्य आणि मोटारींतून उतरणाऱ्या बाई एकाच बाकावर बसतात. प्रथम आम्हांस हें चमत्कारिक वाटे. मग अंगवळणी पडलें.

शनिवार मुलांचा. २०१९ सालीं ग्रंथपाल आम्हांस म्हणाले, "गुरुजी, मराठी मुलांना गोष्टी वाचून दाखवणारं कोणी नाहीं. आठवड्यांतून एक तास द्याल कां?" मानधन नाहीं, हें त्यांनीं थोडें चांचरतच सांगितलें. आम्हीं होकार दिला. मध्यंतरीं २०२० सालीं साथीमुळें सारेंच बंद पडलें. २०२२ सालीं सभा पुन्हां भरूं लागली तेव्हां मुलें बदललीं होतीं, आणि आमच्यांतही एक बदल झाला होता. तो आम्हीं कोणास सांगितला नव्हता.

आमच्या वडिलांस काचबिंदूनें अंधत्व आलें. १९७३ पासून १९८४ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत अकरा वर्षें ते ओसरीवर भिंतीला टेकून बसून असत. पूर्वीं पंचक्रोशींतील लोक त्यांचा सल्ला घ्यावयास येत. पुढें लोक येत, पण त्यांच्या डोक्यावरून आमच्याशीं बोलत. शेत विकावयाचें ठरलें तेव्हां कागदावर त्यांचा अंगठा घेतला. आंत काय लिहिलें आहे हें त्यांनीं विचारलें, तर "मागाहून सांगतों" असें उत्तर आम्हींच दिलें. तें मागाहून कधींच आलें नाहीं.

२०२१ च्या सुमारास आमच्या डोळ्यांपुढें धुकें येऊं लागलें. दिव्याभोंवतीं वलयें दिसत. उंबऱ्याला ठेंच लागे. डावीकडून कोणी आलें तर तें अंगावर येईपर्यंत कळत नसे. वर्तमानपत्र वाचवेना, म्हणून "हल्लीं वर्तमानपत्रांत असतें काय?" असें म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. सर्वांस वाटलें, म्हाताऱ्यास विरक्ति आली. चिरंजीवांस सांगितलें असतें तर त्यानें दुसऱ्याच दिवशीं मोठ्या दवाखान्यांत नेलें असतें, हें ठाऊक असूनही आम्ही गप्प राहिलों. कारण दवाखान्यांत नेणें म्हणजे निदान, आणि निदान म्हणजे ओसरी. आपण विचारलें नाहीं तर उत्तर मिळणार नाहीं, असा बाळबोध हिशेब आम्हीं मनाशीं केला होता. संस्कृत शिकल्यानें मनुष्य शहाणा होतोच असें नाहीं.

शनिवारच्या सभेंत आमचें पाठांतर उपयोगी पडे. पंचतंत्रांतील गोष्टी आम्हांस मूळ संस्कृतांतून अवगत. समोर मराठी पुस्तक उघडें धरावें, त्यावर बोट ठेवावें आणि तोंडानें सांगत जावें. मुलांस वाटे, आजोबा वाचताहेत. असें वर्षभर निभावलें.

२०२३ सालीं अधिक श्रावण आला होता, त्यामुळें गणपति उशीरां बसले. विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते, शनिवार होता. त्या दिवशीं लब्धप्रणाशांतील माकड व मगर यांची गोष्ट होती. जांभळाच्या झाडावर राहणाऱ्या माकडाची व मगराची मैत्री होते. मगराच्या बायकोला माकडाचें काळीज खावेंसें वाटतें. मगर त्यास पाठीवर घेऊन पाण्यांत नेतो. आणि माकड म्हणतें कीं, काळीज तर मीं झाडावरच ठेवलें आहे, परत चल. आम्ही रंगांत आलों होतों. तों पुढच्या रांगेंतली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उठून जवळ आली. तिच्या हातांत त्याच पुस्तकाची दुसरी प्रत होती. ती हळूच म्हणाली, "आजोबा, मगराची बायको रुसून बसते तें तुम्हीं सांगितलंच नाहीं. आणि तुम्हीं पानही उलटलं नाहीं."

आम्ही स्तब्ध झालों. ती पुढें म्हणाली, "तुम्हांला दिसत नाहीं कां?"

तिच्या आवाजांत खोंच नव्हती. एखादें मूल जसें "तुमच्या पायाला लागलंय कां?" असें विचारतें, तसेंच तें होतें. आम्हीं उत्तर दिलें, "हा जुना चष्मा आहे, बाळ. नवा घरीं राहिला."

त्यासरशीं मागून एक मुलगा ओरडला, "माकडाचं काळीज पण घरींच राहिलं होतं!" सारीं मुलें हंसलीं. आम्हीही हंसलों. ती मुलगी मात्र म्हणाली, "मग पुढचं मी वाचून दाखवूं?" आणि उत्तराची वाट न पाहतां, उभ्यानेंच, जोडाक्षरांवर अडखळत तिनें गोष्ट पुरी केली.

वाटेंत बंधु कांहींबाही बोलत होते. आमचें लक्ष नव्हतें. चाळीस वर्षांत खोटें बोललेल्या किती मुलांच्या हातांवर आम्हीं छडी मारली असेल! तीं बिचारीं भिऊन खोटें बोलत. आणि आज आम्हीही भिऊनच बोललों. माकडास निदान शत्रूच्या पाठीवर बसून जीव वांचवावयाचा होता. आमच्यापुढें तर एक लहान मूल होतें.

रात्रीं जेवणें उरकल्यावर आम्हीं घरांत ही गोष्ट काढली. "आम्हांला नीट दिसत नाहीं," एवढें एक वाक्य बोलावयास आम्हांस किती वेळ लागला, तें सांगवत नाहीं. आमच्या मंडळी सुपारी कातरीत होत्या. त्यांनीं अडकित्ता खालीं ठेवला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले, तुमची पंचपात्री रोज एकाच फरशीवर ठेवतें आहे. ताटांत मीठ नेहमीं डावीकडे असायचं, तें हल्लीं मधोमध वाढतें. तुम्हीं एकदां तरी विचारलंत, कां म्हणून?"

"मग बोलला कां नाहीं?"

"मामंजींना मीं वर्षभर पाहिलं आहे. त्यांचं नांव निघतांच तुम्हीं पान सोडून उठलां असतां. तुम्ही सांगाल, म्हणून वाट पाहिली." थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "पण वाट पाहायला नको होती. माझंही चुकलंच."

पुढच्या आठवड्यांत, पितृपंधरवड्यांतच, वाचनालयांत नेत्रतपासणी होती. चिरंजीव दवाखान्याचें म्हणत होता. आम्हीं सांगितलें, आधीं तेथें जाऊं. ओळखीची जागा, ओळखीचें बाक, रांगेंत पुढेंमागें ओळखीचीं माणसें. ज्या दालनांत आम्ही गोष्टी सांगत असूं, तेथेंच टेबल मांडून एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनीं डोळ्यांच्या आंतील दाब मोजला, दिवा धरून पाहिलें आणि विचारलें, "घरांत कोणाला काचबिंदू होता?"

"वडिलांना."

"तुम्हांला भाऊ-बहीण?"

"एक धाकटे बंधु आहेत."

"त्यांना आजच बोलवा. हा रोग रक्ताच्या नात्यांत पुष्कळदां उतरतो, आणि पुष्कळांना बराच काळ कांहीं कळतही नाहीं."

बंधूंस बोलवावयाची गरज नव्हती. ते त्याच दालनांत स्वयंसेवकांस चहा देत होते. त्यांनीं किटली ठेवली व हंसतच खुर्चीवर बसले, कारण त्यांस कसलाही त्रास नव्हता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतील दाब वाढलेला निघाला.

आमचें निदान पुढें दवाखान्यांत कायम झालें. उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु पिकला होता, तो काढतां येण्याजोगा होता. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत. डाव्याचें नुकसान अधिक. डॉक्टरीणबाईंनीं स्पष्ट सांगितलें कीं, काचबिंदूनें जें गेलें तें कोणासही परत आणतां येत नाहीं. जें उरलें आहे तें रोजच्या औषधानें राखतां येतें. दोन वर्षांपूर्वीं आलों असतों तर डाव्या डोळ्याचें पुष्कळ राखतां आलें असतें काय, असें आम्हीं विचारलें. त्या क्षणभर थांबल्या आणि "हो" म्हणाल्या. त्यांनीं आमची समजूत घातली नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोंत. आणि आमच्या भित्रेपणाची किंमत आम्हीं एकट्यानेंच भरली असती तर गोष्ट निराळी. पण आणखी दोन-चार वर्षें गप्प राहिलों असतों, तर तिचा वांटा बंधूंस उचलावा लागला असता, हा विचार अजूनही रात्रीं-अपरात्रीं मनांत येतो.

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर पहिलें काय दिसलें म्हणून वाचक विचारतील, तर सूनबाईंच्या साडीचा रंग. आम्ही ती राखी समजत होतों. ती निळी होती. डाव्या बाजूचें जग मात्र गेलें तें गेलें. आजही रस्ता ओलांडतांना कोणाचा तरी हात धरावा लागतो. रात्रीं नऊ वाजतां थोरली नात औषधाची बाटली घेऊन आमच्या व बंधूंच्या डोळ्यांत थेंब घालते आणि भिंतीवरील कालनिर्णयावर खूण करते. एकही दिवस चुकलेला नाहीं.

तपासणीच्या पुढल्या शनिवारीं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधीं, आम्हीं मुलांपुढें उभें राहून सांगितलें, "मागच्या खेपेला आम्ही खोटं बोललों. नवा चष्मा घरीं नव्हता. आम्हांला दिसत नाहीं, आणि तें सांगायची भीति वाटली." दालनांत थोडी शांतता पसरली. छडीच्या धाकानें जन्मभर पोरांकडून कबुली घेतली. आपण होऊन ती देण्याचा हा पहिलाच प्रसंग. ती मुलगी उठली आणि म्हणाली, "मग आज पण मीच वाचूं कां?"

तेव्हांपासून तीच वहिवाट पडली आहे. मुलें आळीपाळीनें वाचतात. शब्द अडला कीं आम्ही सांगतों. गोष्ट संपली कीं सारे मिळून बोलतों. आतां उजव्या डोळ्यानें आम्हांस वाचतां येतें, तरी ती पद्धत आम्हीं बदलली नाहीं, कारण मुलें ऐकून जेवढीं शिकत होतीं त्याहून वाचून दाखवितांना अधिक शिकतात, हें उघड दिसतें. आमचा धाकटा नातू, जो घरांत मराठी पुस्तक पाहतांच पळे, तो आतां शुक्रवारीं रात्रीं आपला उतारा आजीपुढें तीनतीनदां म्हणून पाहतो. चार लोकांत अडखळूं नये, एवढाच त्याचा हेतु. पण तेवढा पुरे आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. मोफत म्हणजे ज्याचा दाम कोणी भरलेलाच नाहीं, असें आम्ही समजत होतों. तसें नसतें. आज आम्ही ज्या बाकावर बसतों, त्याचा दाम कोणी देणगीदारानें, कोणी करदात्यानें भरलेला आहे. डॉक्टरीणबाईंनीं आपला रविवार भरला. बंधूंनीं किटली उचलून भरला. दुसऱ्यानें आधींच भरून ठेवलें असतें, म्हणून येणाऱ्यास दारांत कोणी "कशाला आलांत?" असें विचारीत नाहीं. आमच्यासारखा भित्रा मनुष्य दवाखान्याची पायरी दोन वर्षें चढला नाहीं, पण या दारांतून सहज आंत गेला. आपल्या घरांत कोणी वडील माणूस अकस्मात् वर्तमानपत्र सोडून विरक्त झालें असेल, तर वाचकांनीं त्यास वैराग्य न समजतां एकदां त्याचे डोळे तपासून घ्यावे. आणि घरांत काचबिंदूचा कोणी रोगी असेल, तर त्याच्या भावंडांनीं व मुलांनीं, कांहीं त्रास होत नसला तरी, तपासणी करून घ्यावी.

राहतां राहिलें तें कपाट. गेल्या वर्षीं आम्हीं आमच्या जुन्या शाळेंत फोन करून तेथील आजच्या मुख्याध्यापिकाबाईंस विचारलें, कीं तीं पुस्तकें अद्याप आहेत काय? त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "गुरुजी, रागावूं नका. कपाटाला कुलूप नाहीं हल्लीं. निम्मीं पुस्तकं फाटलीं आहेत. मुलं घरीं नेतात, चिकटवून आणतात. कांहीं परत येतच नाहींत."

आम्हीं दुसऱ्या दिवशीं बंधूंस बरोबर घेऊन बाजारांतून मराठी गोष्टींचीं चाळीस पुस्तकें निवडलीं, नातवंडांकडून एकेक चाळवून घेतलें आणि खोक्यांत बांधून शाळेच्या पत्त्यावर पाठवून दिलीं. त्यांची यादी केली नाहीं.